जळगावचा स्पॅनिश क्लास, केळीवाल्याच्या नजरेतून

आधीच सांगून टाकतो, क्लासचं नाव लिहीत नाहीये. कौतुकही करणार आहे आणि तक्रारीही, आणि मॅडम भल्या बाई आहेत, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. रिंग रोडच्या आतल्या एका गल्लीत, दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान, बोर्ड एवढुसा की पहिल्या दिवशी मी दोनदा पुढे निघून गेलो. ए-वन लेव्हल, म्हणजे अगदी पहिली पायरी, साडेतीन महिने, शनिवार-रविवार दोन-दोन तास, फी ११,५००, पुस्तकाचे वेगळे. आम्ही नऊ जण सुरू झालो आणि पाच उरलो, पण हे कुठल्याही क्लासचं असंच असतं, त्याचे मार्क कापत नाही.

मी चोपड्याकडचा. घरची केळी, शिवाय एका पॅकहाउसवर सुपरवायझर. केळीवाल्याला स्पॅनिश कशाला हे पारावरच्या प्रत्येकाने विचारून झालंय, आणि आजी तर दर शनिवारी मी गाडीला किक मारली की सुरू, "इंग्रजी ते येस ना रे भाऊ तुले, मंग आते हाई काय नवं?" तर कारण असं की जगात सगळ्यात जास्त केळी आपण पिकवतो, भारत, पण खाऊनही आपणच टाकतो. एक्सपोर्टमध्ये एक नंबर इक्वेडोर, महाराष्ट्रापेक्षाही लहान देश. त्यांच्या बागांचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने पडलेत. घडाला पिशवी घातली की त्या आठवड्याच्या रंगाची रिबीन बांधतात, म्हणजे कापायच्या वेळी रंग बघूनच घडाचं वय कळतं, मोठ्या बागांत घड खांद्यावर न वाहता तारेवर लटकत लटकत पॅकहाउसला येतात, आणि मी रात्री जेवण झाल्यावर हे सगळं मुक्या पिक्चरसारखं बघायचो कारण शब्द एक कळत नव्हता. सबटायटल लावले तर ते भलतंच काहीतरी दाखवायचे. म्हणून क्लास.

आणि इथेच पहिला घोळ झाला. तिसऱ्या आठवड्यात फळांचा धडा. केळं म्हणजे प्लातानो, चित्रासकट. मी खूष, घरी येऊन एका इक्वेडोरच्या व्हिडिओखाली मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये लिहिलं की आमची पण प्लातानोची बाग आहे, इंडियात, तुम्ही पिशवी कितव्या आठवड्यात घालता. दोन दिवसांनी उत्तर, "प्लातानो की गिनेओ?" मला वाटलं चेष्टा करतोय. मॅडमना स्क्रीनशॉट दाखवला तर त्यांना हसू आवरेना. इक्वेडोरमध्ये प्लातानो म्हणजे भाजीचं केळं, तळून-उकडून खायचं ते, आणि आपलं हे पिकवून खायचं ते गिनेओ, व्यापारात बनानो. कोलंबियात बनानो, अर्जेंटिनात बनाना, व्हेनेझुएलात तर कांबुर. पण पुस्तक छापलंय स्पेनमध्ये, आणि तिथे पिवळं केळं म्हणजे प्लातानो, त्यांच्या कॅनरी बेटांवरचं केळं याच नावाने विकतात. म्हणजे माझ्या पुस्तकाने मला जगातल्या सगळ्यात मोठ्या केळी एक्सपोर्टरसमोर भाजीवाला करून टाकलं.

मी जरा चिडूनच म्हटलं, मॅडम, मग पुस्तकात एवढं लिहायला काय झालं होतं? त्या म्हणाल्या, "दादा, याचं उत्तर ग्रामरमध्ये नाही, राजकारणात आहे. शनिवारी शेवटचा अर्धा तास थांबाल का?"

तर हा शनिवारचा अर्धा तास. जाहिरातीत त्याचा उल्लेखच नाही आणि माझ्या मते फी तिथेच वसूल होते. त्याचा कधी पाऊण तास व्हायचा, कधी खालून चहा मागवला जायचा, शेवटची लाल परी सुटेल म्हणून एक जण घड्याळ बघत बसायचा आणि तरी उठायचा नाही.

सुरुवात १४९२ पासून. हे साल आपल्याला कोलंबसमुळे पाठ. पण तो ऑगस्टच्या सुरुवातीला जहाजं घेऊन निघाला आणि अजून समुद्रातच होता तेव्हा, त्याच महिन्यात, स्पेनमधल्या सालामांकाला एक पुस्तक छापून झालं, नेब्रिहा नावाच्या पंडिताचं कास्तेयानोचं, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो तिचं, व्याकरण, स्पेनच्या राणी इसाबेलला अर्पण केलेलं. प्रस्तावनेत हा माणूस काही लपवतच नाही, सरळ म्हणतो की भाषा ही कायम साम्राज्याची सोबतीण राहिली आहे. पुढे एका बिशपच्या तोंडून राणीला सांगतो, तुम्ही परक्या भाषेचे लोक जिंकणार, त्यांना तुमचे कायदे घ्यावे लागणार, कायद्याच्या मागोमाग भाषाही घ्यावी लागणार, तेव्हा ते या पुस्तकावरून शिकतील. पुस्तकाचा पाचवा भाग तर खास परभाषकांसाठीच लिहिलेला. म्हणजे अमेरिकेचा किनारा अजून दिसायचा होता आणि इकडे गाईड छापून तयार! मॅडम म्हणाल्या, हा पहिला ए-वन कोर्स समजा. मी म्हटलं, फी काय होती? म्हणाल्या, "जमीन." आम्ही शेतकरी लोक, आम्हाला हे लगेच कळतं.

पण मग पुढे पावणेतीनशे वर्षं तसं झालंच नाही, हे मला सगळ्यात भारी वाटलं. पाद्री लोकांनी उलट तिथल्या भाषा शिकून घेतल्या, नाहुआत्ल, केचुआ, त्यांचे शब्दकोश केले, व्याकरणं लिहिली, कारण धर्म ज्याच्या-त्याच्या भाषेत सांगितला तर लवकर पोचतो. गोव्यात फादर स्टीफन्स मराठीत ओव्या रचत बसला ते याच हिशोबाने. शेवटी १७७० ला कार्लोस तिसरा या राजाने फर्मान काढलं की आता बाकीच्या भाषा बंद, फक्त कास्तेयानो. तेही लगेच जमलं नाही. खरी सक्तीची शाळा आली ती स्पेन गेल्यावर, स्वतंत्र झालेल्या देशांनी आपापल्याच आदिवासींवर लादली. मॅडम हे सांगत होत्या तेव्हा आमच्यातली नंदुरबारकडची एक ताई, जिच्या घरी भिली बोलतात, ती वहीत काहीतरी गिरवत होती, मान वर केली नाही तिने.

फिलिपिन्स तर अजून वेगळं. स्पेन तिथे तीनशेच्या वर वर्षं होता, पण गावोगाव प्राथमिक शाळा काढून स्पॅनिश शिकवायचं फर्मान आलं १८६३ ला. ३५ वर्षांनी, १८९८ ला, अमेरिका आली, तिने इंग्रजी आणली आणि ती घट्ट बसली. पुढे कॉलेजात कितीतरी वर्षं स्पॅनिश सक्तीची ठेवून पाहिली, पोरं वैतागायची म्हणे, आणि १९८७ च्या घटनेनंतर ती ऐच्छिक झाली. गंमत बघा, रिझाल म्हणजे त्यांचा राष्ट्रपुरुष, स्पेनविरुद्ध ज्या कादंबऱ्या लिहिल्या त्या स्पॅनिशमध्येच. आता त्याच्याच देशातल्या पोरांना त्या भाषांतरात वाचाव्या लागतात.

आता अमेरिका. आमच्यात एक भुसावळचा पोरगा होता, रात्री घरून कॉल सेंटरचं काम करतो, अमेरिकेतले कस्टमर, त्यात बरेच मेक्सिकन. त्याला वाटायचं तिकडे शेजारी मेक्सिको आहे म्हणून शाळांमध्ये स्पॅनिश शिकवतात. शेजार आहेच, पण शाळेत स्पॅनिश वर आली ती जर्मन पडली म्हणून. पहिलं महायुद्ध लागेपर्यंत तिकडच्या हायस्कुलात जर्मनचा जोर होता, युद्ध लागलं आणि जर्मन बोलणारा म्हणजे शत्रू झाला. स्पॅनिश शिक्षकांची संघटना निघाली ती नेमकी १९१७ ला, अमेरिका युद्धात उतरली त्याच वर्षी. नेब्रास्का राज्याने तर १९१९ ला कायदाच केला की लहान पोरांना परकी भाषा शिकवायचीच नाही, एका मास्तराला जर्मन शिकवली म्हणून दंड झाला, आणि सुप्रीम कोर्टाने १९२३ ला तो कायदा रद्द केला. तोपर्यंत जर्मनची जागा स्पॅनिशने घेतलेली होती. मग १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला तर अमेरिकेने १९५८ ला घाबरून कायदा करून भाषा शिकवायला सरकारी पैसा ओतला. उपग्रह रशियाचा आणि फायदा स्पॅनिशच्या बाईंचा. भुसावळवाला म्हणे, म्हणजे माझी नोकरी हिटलरच्या आधीच्या कैसरमुळे, त्या जर्मन बादशहामुळे? मॅडम म्हणाल्या, थोडीफार.

आणि आपण हसायचं काही कारण नाही. २०१४ ला केंद्रीय विद्यालयांत वर्ष अर्धं झाल्यावर जर्मन काढून संस्कृत घातली होती, आठवतंय ना. २०२० च्या शिक्षण धोरणात परकीय भाषांची नावं दिलीत, कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन, आणि आधीच्या मसुद्यात असलेली चिनी गायब, गलवान झालं त्याच वर्षी. आणि आपल्याच राज्यात पहिलीपासून हिंदीचा जीआर २०२५ च्या एप्रिलमध्ये आला, जूनमध्ये बदलला आणि जून संपायच्या आत मागे घेतला. पोराच्या दप्तरात कोणती भाषा जाणार हे पोराला कोण विचारतं.

बरं, मूळ प्रश्न राहिला, पुस्तक स्पेनचंच का. तर परक्यांना आपली भाषा शिकवायच्या धंद्यात स्पेन उशिरा आला. फ्रेंचांची भाषा शिकवणारी संस्था अलियान्स १८८३ ची, ब्रिटिश कौन्सिल १९३४ ची, जर्मनांची गोएथे १९५१ ची. स्पेनमध्ये १९७५ पर्यंत फ्रँको, हुकूमशहा, घरातल्याच कातालान, बास्क, गालिसियन लोकांना गप्प बसवत होता, तो बाहेर जाऊन कोणत्या तोंडाने भाषा शिकवणार. तो गेल्यावर १९७८ ची घटना, १९८६ ला युरोपियन कम्युनिटीत एन्ट्री, १९८८ ला परकीयांसाठी डेले नावाची परीक्षा, १९९१ ला इन्स्तितुतो सेर्वान्तेस, म्हणजे स्पेनची तशीच संस्था. दिल्लीत त्यांचं सेंटर आलं २००९ ला. स्पॅनिश ज्यांची मातृभाषा आहे त्यातले बहुतेक लोक अमेरिका खंडात, स्पेनच्या वाट्याला दहातला एकसुद्धा जेमतेम, पण पुस्तकं, परीक्षा, सर्टिफिकेट याची मोठी दुकानदारी माद्रिदकडे. आपल्याकडे कसं, बोलणारे गावोगाव आणि शुद्धलेखनाचं पुस्तक पुण्याचं, तसंच.

यावर तिकडचे गप्प बसले असं नाही. आंद्रेस बेयो म्हणून एक विद्वान, जन्म काराकासचा, पण पुस्तक काढलं चिलीत, १८४७ ला, व्याकरणच, आणि नावातच घातलं की हे अमेरिकेतल्या, म्हणजे त्या अख्ख्या खंडातल्या, लोकांच्या वापरासाठी. भाषेचे नियम ठरवणाऱ्या स्पेनच्या अकादमीचा दबदबा ऐन जोरात असताना. आणि तरी हाच बेयो तिकडच्या लोकांच्या तू ऐवजी 'वोस' बोलण्याला नाकं मुरडायचा. शिकलेल्या माणसाचं हे असंच. अलीकडे, २०१६ पासून, सिएले नावाची दुसरी परीक्षा आलीये, तिच्यात सेर्वान्तेस आणि सालामांकाबरोबर मेक्सिको आणि ब्युनोस आयर्सची विद्यापीठंही आहेत. तिचं सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं, डेलेचं आयुष्यभर. म्हणजे जी परीक्षा सगळ्यांची मिळून आहे तिलाच एक्स्पायरी डेट.

ब्राझीलचं एका वाक्यात सांगतो नाहीतर लांबेल. सगळे शेजारी स्पॅनिश बोलणारे म्हणून २००५ ला कायदा केला की हायस्कुलात स्पॅनिश ठेवायलाच हवी, आणि २०१७ ला सरकार बदलल्यावर तोच कायदा रद्द, इंग्रजी सक्तीची, मधल्या काळात ज्यांनी स्पॅनिशचं बीएड केलं ते बसले घरी.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट. उच्चाराचा तास होता. स्पॅनिशमध्ये दोन एल शेजारी आले की पूर्वी त्याचा उच्चार ल आणि य मिसळल्यासारखा व्हायचा, अँडीजच्या काही भागात तसा अजून आहे, पण बाकी बहुतेक जगाने त्याचा सरळ य करून टाकला. रस्ता म्हणजे काये. ब्युनोस आयर्सवाले तर काशे म्हणतात. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ल गेला, य आला, आणि आता हाच उच्चार सगळीकडे चालतो, अकादमीलाही चालतो.

मी पाचवीत असताना वर्गात 'जयगाव' म्हटलं होतं. आमच्याकडे ळ नाहीच हो, केळी म्हणजे केयी, शाळा म्हणजे शाया, डोळा म्हणजे डोया. गुरुजींनी उभं करून दहा वेळा ळ म्हणायला लावलं, पोरं खिदळत होती, आणि त्यानंतर कित्येक वर्षं मी जळगावला नुसतं "सिटी" म्हणायचो, ळ नको आणि य पण नको म्हणून. आणि इथे वीस देशांनी तेच केलं तर त्याला भाषेची उत्क्रांती म्हणतात! २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे म्हणून १८ लाखांच्या वर लोक नोंदलेत. बहिणाबाईंचं नाव आपण २०१८ ला विद्यापीठाला दिलं, छानच झालं, आणि त्यांच्यासारखं बोलणारं पोरगं वर्गात उठलं की आपणच हसतो.

मी हे वर्गात बोललो. कसं कोण जाणे पण बोललो. मॅडम मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन जळगावला आलेल्या. क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मी पण इथे आल्यावर हसले होते दादा." आणि मग पुढच्या शनिवारपासून त्या अहिराणी विचारायला लागल्या. स्पॅनिशमध्ये तू म्हणजे तूच, अगदी आपलाच तू, आणि मान द्यायचा तर उस्तेद. हा उस्तेद मुळात 'आपली कृपा' अशा अर्थाच्या शब्दांचा चेंदामेंदा होऊन झालेला. मी सांगितलं की अहिराणीत बापालाही तू आणि देवालाही तू, त्यावरून आम्हाला उद्धट म्हणतात. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

झालं कौतुक. आता तक्रारी, कारण ११,५०० काही झाडाला लागत नाहीत, आमच्या तर झाडालाच लागतात पण भाव कसा मिळतो ते विचारू नका.

एक तर, एवढं सगळं राजकारण शनिवारी सांगायचं आणि रविवारी परत तेच माद्रिदचं पुस्तक उघडायचं. त्यात वोसोत्रोस आहे, म्हणजे मित्रमंडळींना 'तुम्ही लोक', त्याची क्रियापदं आम्ही दोन रविवार घोकली, आणि ती स्पेनबाहेर जवळपास कोणी बोलत नाही, अख्ख्या लॅटिन अमेरिकेत उस्तेदेस चालतं. आमच्या पाचातल्या एकीलाच ते कामाचं, ती इंजिनिअरिंग करून बार्सिलोनाला एमएसला निघालीये. बाकी भुसावळवाल्याला मेक्सिको हवं, मला इक्वेडोर, बँकेतून रिटायर झालेल्या काकांना नुसता टाइमपास, आणि नंदुरबारच्या ताईला कुठली तरी परीक्षा. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या पेपरात तेच येतं ना, मी काय करू. पटतं, पण मग निदान जोडीला दोन पानं झेरॉक्स द्या की, खाली दुकान आहेच. ऑडिओतला बाप्या ग्रासियासला ग्राथियास म्हणतो, जीभ दातात धरून, आणि तो स्पीकर इतका जुना की थ आहे का खरखर आहे ते कळत नाही.

दुसरं, बोलायचा सराव कमी. दोन तासात माझ्या वाट्याला चार वाक्यं. तिसरं, मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावर, वर पत्रा, ४४ डिग्री, कूलर एकच आणि तो मॅडमच्या बाजूला. लाइट गेली की सगळे जिन्यात. फी हप्त्यात घेत नाहीत, हे शेतकऱ्याला जड जातं, आमचा पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर रिटायर्ड काका रोज सकाळी गुलाबाच्या फोटोवर "बुएनोस दियास" टाकतात, याला इलाज नाही, उलट तेवढा तरी सराव होतो म्हणून मीही उत्तर देतो.

कोणी जावं? ज्याला दोन महिन्यांत फाडफाड बोलायचंय त्याने जाऊ नये, त्यापेक्षा ऑनलाइन एखादा कोलंबियाचा ट्यूटर धरावा. ज्याला स्पेनला जायचंय त्याने डोळे झाकून जावं. आणि ज्याला शाळेत कधी शुद्ध बोल म्हणून उभं केलंय त्याने निदान शनिवारचा अर्धा तास गाठावा, मॅडमना विचारून बसू देतील, माणूस म्हणून त्या मोकळ्या आहेत. मी पाचपैकी चार देतो. एक स्टार प्लातानोचा कापला.

हां, त्या इक्वेडोरवाल्याला मी नंतर परत लिहिलं, या वेळी गिनेओ. त्याने नीट सगळं समजावलं, पिशवी, रिबीन, कोणत्या आठवड्याला कोणता रंग, मला साठ टक्के कळलं. शेवटी विचारलं, तुमची बाग किती हेक्टर? साडेतीन एकराचे हेक्टर करून लिहिले तर त्याने नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला, त्याचा अर्थ मी अजून लावतोय. ए-टूची बॅच त्यांनी जूनमध्ये ठेवलीये, ऐन मृगबागेच्या लागवडीत, हे त्यांना कोणी सांगायचं. तरी आबांना विचारून पैसे भरेन म्हणतो. वोसोत्रोस त्यात पुन्हा पहिल्यापासून आहे म्हणे.